छप्पर बसत नव्हतं म्हणून लॅच झिजले: जुन्या पॉप-अप ट्रेलरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डेट्रॉइटच्या उपनगरात राहणारं एक मराठी कुटुंब. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि उन्हाळ्यात भारतातून येणारे आजी-आजोबा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बनलेला एक पॉप-अप ट्रेलर त्यांनी जुन्या मालकाकडून विकत घेतला होता. ओळख पटेल असे तपशील आणि ट्रेलरच्या कंपनीचं नाव इथे गाळलं आहे. या कुटुंबाशी माझी जुनी मैत्री, आणि माझं रोजचं काम मोटारींच्या दारांच्या लॅचचं, त्यामुळे फोन माझ्याकडे आला.

ज्यांनी पॉप-अप पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रस्त्यावर असताना ही एक बुटकी पेटी असते, मागून येणाऱ्याला तिच्यावरून पुढचं दिसेल इतकी बुटकी. मुक्कामी पोचल्यावर हाताने विंच, म्हणजे केबल गुंडाळणारी चरखी, फिरवायची. पोलादी केबलींच्या जोरावर चार कोपऱ्यांतले खांब वर सरकतात, छप्पर उचललं जातं, दोन्ही टोकांना पलंग बाहेर ओढले जातात आणि मधली उघडी बाजू कॅनव्हासने बंद होते. हलकी असल्याने साधी मिनीव्हॅनसुद्धा ती ओढते. अमेरिकेतल्या प्रवासी ट्रेलरच्या धंद्याचं माहेरघर म्हणजे उत्तर इंडियानातलं एल्कहार्ट आणि त्याच्या आजूबाजूची गावं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या ट्रेलरमध्ये विंच छप्पर वर उचलते, पण खाली ओढून धरत नाही. उतरताना छप्पर स्वतःच्या वजनाने उतरतं. म्हणजे प्रवासात छपराला पेटीशी बांधून ठेवणारं काय असतं? चार लॅच, प्रत्येक बाजूला दोन. बाकी काही नाही.

लॅच जुन्या लोखंडी ट्रंकेच्या कडीच्या जातीचा. पेटीच्या बाजूला पाया रिव्हेटने बसवलेला, त्याला मिटणारा दांडा, दांड्याला आकडा (हुक). आकडा छपराच्या कडेच्या खाचेत अडकवायचा आणि दांडा खाली मिटायचा. मिटताना आकड्याची पिन मधल्या सरळ रेषेच्या पलीकडे जाते, आणि तिथे गेल्यावर छपराची ओढच दांडा मिटलेला ठेवते. रेषा ओलांडलेली असणं हे सगळं मर्म. ती ओलांडणी मिलिमीटरांत मोजायची असते.

अडचण

कुटुंब मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलातून परत येत होतं. टाक्वामेननचा धबधबा पाहून झाला होता, मॅकिनॉ पूल ओलांडून आय-७५ महामार्गाने दक्षिणेकडे निघाले होते. रेस्ट एरियात थांबले तेव्हा पुढचा उजवा लॅच उघडा लोंबत होता आणि तिथला छपराचा कोपरा बोटभर वर आला होता. बाकी तीन लॅच लागलेले होते. कुणाला इजा झाली नाही, काही तुटलंही नाही.

पण यात किती धोका होता ते आकड्यांत पाहू. ताशी ६५ मैल म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ५२ किलो वजनाइतका होतो. छपराचं क्षेत्रफळ सुमारे साडेसहा चौरस मीटर. बंद छपरावर या दाबाचा थोडाच भाग उचलण्याचं काम करतो. पुढच्या कडेला फट पडली की मात्र चित्र बदलतं. वारा फटीतून आत शिरतो, आतला दाब वाढतो, वरून वाहणारी हवा छप्पर ओढत असतेच, आणि दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात. समोरून मोठा ट्रक गेला की आणखी एक धक्का. शिवाय वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. म्हणून चारांपैकी पुढचे दोन लॅच सगळ्यात महत्त्वाचे.

रेस्ट एरियात घेतलेला निर्णय चांगला होता. गाडीत सामान बांधायचे रॅचेटचे, म्हणजे दात्यांच्या चापाने आवळायचे, दोन पट्टे होते. मित्राने ते छपरावरून आडवे टाकून खालच्या पोलादी चौकटीला अडकवले, कडेला टॉवेलच्या घड्या दिल्या, आणि पट्टे मध्यभागी न घेता पुढच्या व मागच्या खांबांजवळ घेतले. मधोमध आवळले असते तर थरांचं पातळ छप्पर दबलं असतं. उरलेला रस्ता त्यांनी उजव्या लेनमधून, वेग कमी ठेवून काढला.

घरी आल्यावर वहिनींचा फोन. "भावोजी, लॅच बदलायचेत. जास्त मजबूत कुठले मिळतील?"

तपास

मजबूत लॅचचं नाव मी इतक्यात घेऊ दिलं नाही. चारांपैकी एकच लॅच सुटला होता, आणि तो का सुटला हे कळल्याशिवाय नवा बसवण्यात अर्थ नव्हता.

लॅच काढून पाहिला. आकड्याच्या पिनेचं भोक घासून लांबट झालं होतं. पिन ६ मिलिमीटरची, भोक ओढीच्या दिशेने साडेसातचं. एवढा प्ले (ढिलेपणा) आल्यावर पिन रेषेच्या पलीकडे जेमतेम पोचत होती. ताण असेपर्यंत दांडा मिटलेला राहायचा, पण खड्ड्यात ट्रेलर आपटला, छप्पर क्षणभर खाली दबलं आणि ताण शून्यावर आला की दांड्याला धरून ठेवणारं काहीच उरत नव्हतं. पायाचे चारपैकी दोन रिव्हेट ढिले होते. टोच्या घेऊन मागचं लाकूड टोचलं तर तो सहज आत गेला. लाकूड भुसभुशीत झालं होतं.

उरलेल्या तीन लॅचमध्ये पुढचा डावा थोडा झिजलेला, मागचे दोन जवळजवळ ठीक. म्हणजे वय हे एकमेव कारण नव्हतं. चारही लॅच एकाच वयाचे, एकाच कारखान्यातले.

या टप्प्यावर वहिनी सहज म्हणाल्या, "पुढच्या उजव्या कोपऱ्यावर मला गुडघा टेकवावा लागतो, तेव्हा कुठे लॅच लागतो. पहिल्या वर्षी असं नव्हतं." ट्रेलर बंद करायचं काम नेहमी त्यांचं, आणि हाताला जे जाणवतं ते त्यांनी नेमकं सांगितलं. सगळ्या तपासाला दिशा या वाक्याने मिळाली.

मग आम्ही मोजायला बसलो. ट्रेलर पाणसळ लावून सरळ केला, चारही लॅच मोकळे ठेवून छप्पर उतरवलं आणि कडेची फट मोजली. पुढे उजवीकडे १४ मिलिमीटर, मागे डावीकडे ३. खांब पूर्ण खाली आलेत का, केबल कुठे अडकली आहे का, ते तपासलं. सगळं ठीक. नंतर दोन्ही गाद्या बाहेर काढल्या आणि पुन्हा छप्पर उतरवलं. पुढची फट ४ मिलिमीटर झाली.

गादीने छप्पर उचललं होतं. आजी-आजोबांची कंबर धरू नये म्हणून मूळच्या ३ इंची गादीऐवजी पुढच्या पलंगावर ५ इंची फोमची गादी आली होती. मिटताना तिच्यावर पांघरुणं राहायची, उजवीकडे कॅनव्हासचा गठ्ठाही जमायचा. लॅच लावताना वहिनी तो सगळा फोम दाबत होत्या, आणि लॅच लागल्यावर तो फोम दिवसरात्र छपराला वर ढकलत होता. हिवाळ्यात ट्रेलर ड्राइव्हवेवर उभा असतानासुद्धा.

ओढ आकड्यांत पकडायला बॅगा तोलायचा डिजिटल काटा कामी आला. २३ किलोच्या हिशेबासाठी तो भारतात जाणाऱ्या प्रत्येक घरात असतोच. दांड्याच्या टोकाला दोरी बांधायची, काट्याने खाली ओढायचं आणि लॅच मिटताना सर्वांत मोठा आकडा किती येतो ते टिपायचं. मागे डावीकडे ७ किलो आला. पुढे उजवीकडे, त्या कोपऱ्याच्या मानाने कमी झिजलेला डाव्या बाजूचा लॅच तात्पुरता लावून पाहिला, तर २० किलोच्या वर गेला. एकाच छपराच्या दोन कोपऱ्यांत तिप्पट फरक.

लाकूड का सडलं त्याचाही उलगडा इथेच झाला. फट राहिल्याने रबरी सील तिथे नीट दबत नव्हतं. पावसात चालताना ओढणाऱ्या गाडीच्या चाकांनी उडवलेलं पाणी कोपऱ्यात शिरायचं. हिवाळ्यात मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ टाकतात (डेट्रॉइट शहराच्या खालीच मिठाची खाण आहे), आणि घराच्या गाड्यांबरोबर आलेला खारट चिखल ड्राइव्हवेवर ट्रेलरभोवती साचायचा. ओलं लाकूड मऊ झालं, रिव्हेट ढिले पडले, पाया हलू लागला, फट वाढली आणि आणखी पाणी आत गेलं.

पर्याय

पट्ट्यांवरच भागवायचं, हा मित्राचा पहिला विचार. खर्च नाही, आणि रेस्ट एरियापासून घरापर्यंत त्यांनी काम केलंच होतं. पण रोज बांधायचे पट्टे छपराची कड घासतात, वाऱ्यात फडफडतात, आणि नायलॉनचे असतील तर ओले झाल्यावर सैल पडतात. अडचणीच्या वेळी गाडीत असावेत, एवढंच त्यांचं काम.

एल्कहार्टकडे जुन्या ट्रेलरच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तिथून तसेच लॅच आणता आले असते. बसायला बिनचूक, किंमत कमी. मात्र वय तेच आणि झीजही तीच.

जुनेच लॅच दुरुस्त करणं मला मनापासून आवडलं असतं. भोक ८ मिलिमीटरचं करायचं, त्यात पितळी बुश (आत बसणारी छोटी नळी) ठोकायचा, स्टेनलेसची नवी पिन घालायची. खराद आणि रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) असलेल्याला हे अवघड नाही. पण या लॅचना लांबी कमी-जास्त करायची सोय नव्हती, आणि चार कोपऱ्यांतली फट पुढेही थोडी वेगळी राहणार होती. म्हणून हा पर्याय सोडला.

खरा वाद झाला तो नव्या लॅचवरून. मित्राला मोठे, ट्रकच्या पेटीला लावतात तसले जाड लॅच हवे होते. इथे मी अडून बसलो. छपराला खाली धरणारा जोर आकड्यातून पिनेत, पिनेतून पायात, पायातून रिव्हेटमध्ये आणि रिव्हेटमधून लाकडात जातो. या साखळीत सगळ्यात अशक्त कडी लाकडाची होती. लॅच दुप्पट मजबूत केला तर पिन वाचेल आणि पाया लाकडासकट उपटून निघेल, तोही रस्त्यावर. शिवाय मजबूत लॅचने गादी आणखी जोरात दाबता येते, म्हणजे मूळ दुखणं झाकून वाढवायचं.

शेवटी ठरलं ते असं: मध्यम आकाराचे स्टेनलेसचे लॅच, आकड्याला आटे असलेले म्हणजे लांबी जुळवता येईल असे, आणि दांड्यात सुरक्षा-पिनेसाठी भोक असलेले. चारही एकसारखे. चारांची मिळून किंमत शंभर डॉलरच्या आत होती.

काय केलं

क्रम महत्त्वाचा होता. आधी गादी, मग लाकूड, मग लॅच.

गादीचा प्रश्न नाजूक होता, कारण ती आजोबांच्या कंबरेसाठी आणलेली. वहिनींनी तोडगा काढला. पलंगावर मूळची ३ इंची गादी परत आली आणि वरची २ इंची फोमची घडी वेगळी झाली, जी प्रवासात गाडीच्या डिकीत जाते. कॅनव्हास आत घेताना उजवीकडे गठ्ठा न होता तो दोन्ही बाजूंना सारखा दुमडायचा, हेही ठरलं. या दोन बदलांनीच काट्यावरचा आकडा निम्म्याखाली आला. अजून एकही नवा लॅच बसला नव्हता.

छप्पर उचलून काम करताना चारही कोपऱ्यांना लाकडी टेकू दिले. केबलवर भरवसा ठेवून उघड्या छपराखाली डोकं घालू नये. जुनी केबल तुटायच्या आधी सांगत नाही.

रिव्हेट काढायला त्यांच्याच मापाचा, ३/१६ इंची ड्रिल हळू फिरवला. घाई केली की रिव्हेट ड्रिलबरोबर गोल फिरतो आणि पत्र्याचं भोक मोठं होतं. सडलेलं लाकूड घट्ट भाग लागेपर्यंत कोरून काढलं, पंखा लावून कोपरा पुरता वाळू दिला. पातळ इपॉक्सी मुरवली, मग सागाच्या फळीचा ठोकळा घट्ट इपॉक्सीत बसवला. ओलसर लाकडावर इपॉक्सी ओतली तर पाणी आतच कोंडतं, म्हणून वाळवण्यात कसर केली नाही.

पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत आतल्या बाकाची फळी काढून मागे पोचता येत होतं. तिथे आतून ३ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी दिली आणि आरपार पाव इंची स्टेनलेस बोल्ट, नायलॉनच्या कड्याचे नट. ओढ आता चार भोकांवर न येता पट्टीभर पसरली. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम यांच्यात खारट पाणी आलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून प्रत्येक पायाखाली ब्यूटाइल या चिकट रबराची टेप आणि बोल्टखाली नायलॉनचे वॉशर. ब्यूटाइल वर्षानुवर्षं लवचिक राहतं. सिलिकॉन मी लावू दिलं नाही, कारण ते निघालं तरी त्याचा अंश पत्र्यावर राहतो आणि पुढचं कुठलंच सील तिथे चिकटत नाही.

मागच्या उजव्या कोपऱ्यामागे शेगडीचं कपाट. ते काढायचं तर गॅसची नळी सोडवावी लागणार होती. तिथे मित्राने तीन पाकळ्यांत उघडणारे रिव्हेट वापरायचं ठरवलं, जे मागून हात न पोचता बसतात आणि पातळ पत्र्यात ओढ पसरवतात. हा निर्णय पुढे महागात पडला.

खाचेची जागा ठरवताना छप्पर उतरवून, लॅच मोकळा ठेवून, टेपवर खुणा केल्या. आकडा सरळ खाली ओढायला हवा. तो तिरका बसला तर पिन एका बाजूला घासते आणि झीज पहिल्या दिवसापासून सुरू होते. नंतर आकड्यांचे आटे फिरवत चारही कोपऱ्यांची ओढ काट्यावर ८ ते ९ किलोंच्या आत आणली. सीलमध्ये कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. कुठेही ती सहज निसटत नव्हती.

एक जादाची सोय मी आग्रहाने करायला लावली. मोटारीच्या बॉनेटला दुसरा खटका असतो, कारण पुढून उघडणारं बॉनेट वाटेत उडालं तर चालकाला काही दिसत नाही. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकात, क्रमांक ११३ मध्ये, ही दुसरी अडकण सक्तीची आहे. पॉप-अपच्या छपराला ती का नसावी? प्रत्येक दांड्याच्या भोकात स्प्रिंगची पिन, ती हरवू नये म्हणून पोलादी दोरीने बांधलेली. पिन घातली की कितीही धक्के बसले तरी दांडा उलटत नाही.

निष्पत्ती

पहिली चाचणी घराजवळच्या फ्रीवेवर. निघताना प्रत्येक नटावर किंवा रिव्हेटवर आणि पायावर रंगाच्या पेनने एकच आडवी रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. परत आल्यावर सगळ्या रेघा अखंड होत्या. वाऱ्यात पुढून येणारी शीळही थांबली होती. मुलांना ती ट्रेलरचा नेहमीचाच आवाज वाटायची.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा उत्तरेला गेले. १९५७ मध्ये खुला झालेला मॅकिनॉ पूल सुमारे ८ किलोमीटर लांब आहे, आणि दोन मोठ्या सरोवरांमधल्या सामुद्रधुनीवर वारा जोराचा असला की ट्रेलर ओढणाऱ्यांना वेग बराच उतरवायला सांगतात, कधी सोबत गाडी देऊन पार करवतात. पूल ओलांडून सेंट इग्नेसला थांबल्यावर वहिनींनी चारही लॅच हाताने तपासले. सगळे घट्ट.

मागचा उजवा कोपरा मात्र टिकला नाही. पुढच्या वसंतात एका रिव्हेटभोवतीची रेघ सरकलेली दिसली. तिथलं लाकूड वरून ठीक वाटलं तरी कपाटामागे ओलसर होतं, आणि रिव्हेट पत्र्याला धरून होते, लाकडाला नव्हेत. शेवटी गॅस बंद करून, जाणकाराकडून नळी सोडवून घेऊन, कपाट काढावंच लागलं. आत पुढच्यासारखीच पट्टी आणि बोल्ट बसले. नळी परत जोडल्यावर साबणाच्या फेसाने गळती तपासली.

पुन्हा करायचं झालं तर

कपाट पहिल्याच खेपेला काढायचं. ओढ चारही कोपऱ्यांवर येते, आणि एक कोपरा कमी मजबूत बांधला की तोच आधी हार मानतो. गॅसच्या नळीची धास्ती रास्त होती, पण त्याचं उत्तर जाणकाराला बोलावणं हे होतं, वळसा घालणं नव्हे.

ट्रेलर विकत घेतला त्या वेळी टोच्या घेऊन चारही पायांमागचं लाकूड तपासलं असतं तर सुरुवातीचा मऊपणा तेव्हाच कळला असता. ग्राहक टायर पाहतात, कॅनव्हासची भोकं पाहतात, छपराला पाण्याचे डाग आहेत का ते पाहतात. लॅचच्या मागे क्वचितच कुणी पाहतं.

हिवाळ्याबद्दल आमचं अजून पूर्ण एकमत नाही. मित्राचं म्हणणं, उभा असताना लॅच एक-दोन आटे सैल ठेवावेत, म्हणजे सील चपटं होत नाही. मी म्हणतो, मिशिगनच्या वाऱ्यात ड्राइव्हवेवरचं छप्परही घट्टच हवं, कारण गादी बाहेर काढली की सीलवर येणारी ओढ मुळातच थोडी असते. सध्या ते माझ्या पद्धतीने ठेवतात, गाद्या तळघरात नेतात, आणि मार्चमध्ये बर्फ वितळला की वहिनी चारही कोपऱ्यांना काटा लावून आकडे दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितात. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा दोन किलोंनी वेगळा आला, की त्या कोपऱ्याचं लाकूड टोचून पाहायचं.